जळबास सोडून

मी, वसराम देवला आडे, वय वर्षे त्र्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा बैलांच्या खुरांना नाल ठोकणे (बैल सरले तसा तोही सरला), राहणार डोंगरकड्याच्या पुढे कालव्याच्या अलीकडची वस्ती, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, शुद्धीत असताना लिहून ठेवतो. हा जिल्हा मी म्हातारा झाल्यावर जन्मला. त्याआधी आम्ही परभणीचे होतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. पाळकसाहेबांचा थोडा आहे, तो पुढे येईलच. पायाला सूज आहे, छातीत पाणी साचतं, पण डोकं साफ आहे. शाळेतल्या कविता अजून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत येतात. ज्याला माझ्या शुद्धीची शंका असेल त्याने येऊन ऐकून जावं.

कळमनुरीच्या वकिलांनी एका पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात माझं नाव होतं, सर्व्हे नंबर होता, पण मी नव्हतो. म्हणून तो बाजूला ठेवून मी माझा लिहितो आहे. कायद्याला लागेल तेवढं त्यांनी उचलावं, बाकीचं माझ्या माणसांनी वाचावं.

कलम एक. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम मी आमच्या मंडळीचे पाळक देविदास यांच्याकडे देतो. वयाने ते माझ्या मुलापेक्षा लहान आहेत. अवघड बोलायचं असलं की आधी खोकतात. माणूस भला आहे, पण मराठी कच्ची आहे. तीच कच्ची मराठी ह्या मृत्युपत्रात कशी शिरली ते खाली येईल.

कलम दोन. राहतं घर, दोन खोल्या, वर पत्रे, पुढे ओटा, हे माझी मुलगी संगिता हिला देतो. ती कळमनुरीला दिली आहे. तिने राहावं, न राहावं, विकावं. विकायचं झाल्यास जळबाच्या घरात कोणालाही विकू नये. भाड्यानेही देऊ नये. त्याच्या घरचं कोणी दारात येऊन पाणी मागितलं तर पाणी द्यावं, कारण ख्रिस्ती माणसाने पाण्याला नाही म्हणू नये. पण बस म्हणू नये. बस म्हणण्याबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं मला आढळलं नाही.

जळबा म्हणजे आमच्या मंडळीचा कारभारी. प्रार्थनाघराच्या किल्ल्या, घंटा, दफनभूमी, सगळं त्याच्या हाताखाली. आईबापांनी नाव बरोबर ठेवलं. त्याचं काय आहे ते कलम सहामध्ये.

कलम तीन. पोस्टात जे काही असेल ते संगिता आणि दिपक यांनी सारखं वाटून घ्यावं. त्यावरून भांडावं इतकं ते नाही.

कलम चार. माझी हत्यारं मुलगा दिपक याला देतो. हातोडी, पक्कड, खूर तासायची पटाशी, कानस आणि बैल पाडायचं दावं. दिपक नांदेडला ट्रॅक्टरच्या दुकानात नोकरीला आहे. नालबंदाच्या पोटी ट्रॅक्टरवाला जन्मला ह्याचा मी राग धरलेला नाही, फक्त नोंद करून ठेवतो. हत्यारं त्याने भिंतीला लटकवावीत आणि कोणी विचारलं तर काय आहे ते नीट सांगावं. ‘जुनं सामान’ म्हणू नये.

काय सांगायचं तेही लिहून ठेवतो. मी तांड्यातला. आजोबांपर्यंत आमच्यात बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहत. बैल आमच्या रक्तात, पण नाल ठोकायला मी बाळापूरच्या बाजारात एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो. बैलाला आधी पाडावं लागतं. चारी पाय दाव्याने आवळायचे, एकाने मान दाबून धरायची, आणि दुसऱ्याने खिळा असा मारायचा की खुरात बसेल पण मांसाला लागणार नाही. लागला तर जनावर जन्मभर लंगडतं. काम झालं की उस्ताद म्हणायचा, ‘छोड’. आम्ही मराठीत म्हणायचो, ‘सोड’. सोडणाऱ्याने सोडल्याबरोबर मागे उडी मारायची असते, कारण सुटलेला बैल पहिली लाथ सोडणाऱ्यालाच घालतो. क्षमेवर प्रवचनं देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कलम पाच. माझ्या कविता. म्हणजे मी केलेल्या नव्हेत, मला पाठ असलेल्या. त्या देता येतील का, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, “जंगम का स्थावर?” मी म्हणालो, “दोन्ही.” ते हसले आणि पुढच्या पक्षकाराला बोलावलं.

मिशनच्या बोर्डिंगात मी गेलो तेव्हा मला मराठी येत नव्हती. घरात आमची बंजाऱ्यांची गोरमाटी, बाजारात दखनी. मराठी मला कवितेतून आली. आधी चाल आली, मग शब्द आले, अर्थ कितीतरी वर्षांनी आला. दुपारच्या शेवटच्या तासाला गुरुजी खिडकीशी उभे राहायचे, बाहेर चिंचेची सावली लांब व्हायची, आणि आम्ही एका सुरात म्हणायचो. त्या सावलीचा रंग मला अजून दिसतो. गुरुजी स्वतःही कविता करायचे, फळ्यावर लिहायचे आणि तास संपला की पुसून टाकायचे. त्यातली एक मी पुसू दिली नाही, म्हणजे पाठ करून टाकली:

थांब पाखरा, दिवस बुडाला, झाडावरती ये,
उद्या उडाया आभाळ सारे, आज विसावा घे.

ही मी संगिताला देतो. तिला ती आधीच येते, त्यामुळे ताबा दिल्यासारखाच आहे.

कलम पाच-अ. (हे कलम रद्द समजावं.) प्रार्थनाघरावर मी जे पत्रे घालून दिले, त्यांतला पहिल्या ओळीत जळबाच्या बसण्याच्या जागेवरचा पत्रा माझ्या मृत्यूनंतर काढून घ्यावा. पाळकसाहेब म्हणतात की देवाला दिलेलं परत मागता येत नाही. मी म्हणालो, सगळे नाही, एकच. नाही म्हणाले. रद्द केलं आहे, पण खोडलेलं नाही. वाचता आलं पाहिजे.

कलम सहा. हे कलम देण्याघेण्याचं नाही. हे ऐकण्याचं आहे.

माझी बायको रुख्मिणीबाई १९९६ च्या उन्हाळ्यात गेली. तिला अक्षर येत नव्हतं. रविवारी प्रार्थनाघरात एक वचन पाठ करायला देत. आम्ही घरी येऊन पुस्तक उघडून घोकायचो. तिने दुसरा रस्ता काढला. काळा दोरा घेतला आणि प्रत्येक वचनाला एक गाठ मारली. दोरा मनगटाला गुंडाळलेला. भाकरी थापता थापता एका हाताच्या बोटाने गाठ चाचपायची आणि वचन म्हणायची. मी मुद्दाम मधलीच गाठ धरून विचारायचो, “ह्या गाठीत कोण आहे?” आणि ती गोरमाटी वळणाच्या मराठीत ते वचन बरोबर म्हणायची. वर मलाच सांगायची, “तुमाला पुस्तक लागतं. आग लागली तं तुमचा देव जळंल, माहा न्हाई.”

शेवटी ती वर्षभर आजारी होती. तिची बहीण तांड्यातून येऊन जाऊन असायची. तांडा हिंदू आहे, आमचे सगळे नातेवाईक तिथेच. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

ती गेली त्या दिवशी जळबाची बायको कमलबाई हिने तिला आंघोळ घातली. दोरा मनगटावर तसाच ठेवला. “हे तिचं हाय, राहू द्या,” म्हणाली. मग पेटीचं झाकण लावायच्या आधी कारभारी ह्या नात्याने जळबा बघायला आला. त्याने मनगट बघितलं.

“हे काय हाय?”

“वचनं हायत तिची,” मी म्हणालो.

“वचनं पुस्तकात असतात, वसराम. मनगटाला गंडा असतो.”

आमच्या भागात गाठी मारलेला काळा दोरा म्हणजे भगताने दिलेला गंडा, दुसरं काही नाही. तेवढं मी समजू शकतो. मी त्याला सांगितलं, एकेक गाठ धर, मी एकेक वचन म्हणून दाखवतो. माणसं उभी होती. त्याने हात मागे घेतले.

“गाठ ती गाठ. बाई मागं फिरली, जुन्या देवाकडं. मंडळीच्या जागेत तिला ठेवता येनार न्हाई.”

तेव्हाचे पाळक महिन्यातून एकदा यायचे. उन्हाळा होता, प्रेत थांबत नाही. जळबाचा शब्द चालला. मंडळीतली माणसं एकेक करून उठली आणि घरी गेली. काही मान खाली घालून गेली, पण गेली.

माझ्या अर्ध्या एकराच्या माळावर निंबाच्या झाडाखाली तिची कबर तांड्यातल्या माणसांनी खणली. त्यांच्यातल्या शंकरसिंगने पहिली कुदळ मारली. हिंदू माणसांनी माझ्या ख्रिस्ती बायकोला जागा करून दिली आणि ख्रिस्ती माणसं घरात दारं लावून बसली. मंडळीतून एकटी कमलबाई आली, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. मातीच्या वेळी पाळक जे म्हणतात ते मला पाठ नव्हतं. मला कविताच येत होत्या. गुरुजींची पाखराची म्हणालो. आवाज मोठा आहे माझा, पण त्या दिवशी तो माळावरून फार लांब गेला नाही.

ज्यांना वाटतं की म्हातारा एका दोऱ्यावरून इतकी वर्षं रुसून बसला, त्यांनी हे कलम पुन्हा वाचावं.

कलम सात. प्रभूच्या प्रार्थनेत एक ओळ आहे. तिच्यात आपण देवाला सांगतो की आम्ही दुसऱ्यांचं ऋण सोडलं आहे, म्हणजे त्यांना क्षमा केली आहे, तसं तू आमचं सोड. त्या उन्हाळ्यापासून मी ती ओळ म्हणत नाही. बाकीची प्रार्थना मोठ्याने म्हणतो. रुख्मिणीबाई म्हणायची, “हळू म्हना, देवाचे कान दुखतील.” त्या ओळीला मी तोंड मिटतो. जे केलं नाही ते केलं आहे असं देवाला तोंडावर सांगण्याइतका मी निर्लज्ज नाही. माझा आवाज बंद झाला की गाडीचं एक चाक निखळल्यासारखं होतं, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. जळबा पहिल्या ओळीत बसून ती ओळ आणखी जोरात म्हणतो. माझ्या वाटणीचीही तोच म्हणतो.

म्हणून ह्या कलमाने असं ठरवतो की माझ्या मातीला जळबाने यायला हरकत नाही, पण माझ्या वाटणीची ओळ त्याने म्हणू नये.

पाळक देविदास आले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी मला गाठलं. खोकले.

“दादा, तुम्ही ती एक ओळ खाऊन टाकता.”

“मग खोटं बोलू का देवापुढं?”

“खोटं नको. ते खरं करा.”

“तुमी अजून लहान हाव.”

पुन्हा खोकले. “दादा, रुख्मिणीबाई तिकडं आहेत. तुम्हाला त्यांच्याकडं जायचं आहे ना? जो सोडत नाही त्याला सोडत नाहीत. मी नाही म्हणत, प्रभू म्हणतात.”

हा घाव बरोबर बसला. खिळा मांसापर्यंत गेला. मला स्वर्गातलं सोनंनाणं नको, मला ती पाहिजे आहे. चुलीपुढे बसून बोटाने गाठ चाचपणारी. आणि तिच्याकडे जायचा रस्ता जळबाच्या दारावरून जातो, असं हा पोरगा मला सांगून राहिला होता. किती रविवार मी त्यावर विचार केला. प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबायचो: मी सोडलं तर तिची बाजू कोण घेणार? सगळी मंडळी विसरली. कोणी तिचं नाव काढत नाही. माझं ते गप्प बसणं हेच तिचं उरलेलं नाव होतं. ते मिटवून मी तिच्यासमोर जायचं, आणि ती म्हणायची, “तुमीबी उठून घरी गेले व्हय?” मग?

देवाला माझा हा प्रश्न मी विचारला आहे. उत्तर आलेलं नाही.

कलम आठ. आता तो अर्धा एकर माळ.

कालव्याचं पाणी झिरपून मंडळीची दफनभूमी पाणथळ झाली. हातभर खणलं की पाणी लागतं. मागच्या पावसाळ्यात कमलबाई गेली, तिला तिथेच ठेवलं. मी रस्त्यावरून हात जोडले. त्यानंतर मंडळी कोरडी जागा शोधू लागली, आणि आसपास कोरडा मुरूम एकच, माझा. जिथे माझ्या बायकोला एकटीला ठेवलं, तिथे आता सगळ्यांना यायचं होतं. देव सूड घेतो की नाही हे मला ठाऊक नाही, पण कधी कधी तो माणसाच्या हातात हत्यार देऊन तोंड फिरवतो.

पाळकसाहेबांनी जागा मागितली. मी म्हणालो, मृत्युपत्रात लिहितो. आणि हे लिहिलं:

‘सदर अर्धा एकर माळ, जळबास सोडून, मंडळीतील सर्व कुटुंबांना दफनासाठी कायमचा देतो.’

ते वाक्य लिहून मी फार दिवसांनी समाधानाने जेवलो. सगळे आत, एक बाहेर. पाळकसाहेब आले, त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, जळबाची कीव आली असेल. ते काही न बोलता माझ्या पाया पडले, ख्रिस्ती पाळक असून, आणि स्कूटर सुरू करून गेले.

दुपारी जळबा दारात आला. कितीक वर्षांत त्याची सावली माझ्या ओट्यावर पडली नव्हती. हातात काठी होती. मी बस म्हणालो नाही.

“वसराम, पाळकसाहेब सांगून गेले. तू मला सोडलं म्हने.”

“काय सांगितलं ते नीट सांग.”

“म्हनले, दादानं लिहून देलं. जळबाला सोडून सगळ्यायला जागा देली. म्हंजी आधी मला सोडलं, अन् मंग जागा देली.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पाळकांच्या कानात तो शब्द प्रार्थनेतला. माझ्या हाताने लिहिला तो व्याकरणातला. मला हसू आलं, आणि ते मी दाबलं नाही.

“तुला सोडून, जळबा. तुला वगळून. सगळे आत, तू बाहेर. अशी ती ओळ हाय.”

तो काठीच्या टोकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “असं व्हय. बराबर हाय. मराठी तुही पहिल्यापासून पक्की.”

“पाळकाची कच्ची हाय.”

“त्यायला काहून नावं ठेवतो? चांगलं वाचायला गेलं ते लेकरू.”

मला वाटलं, आता जाईल. गेला नाही.

“मी माह्यासाठी न्हाई आलो,” म्हणाला. “मला ठावं व्हतं तू मला सोडनार न्हाई. मी कमलसाठी आलो.”

“कमलबाईचं काय?”

“तिला पान्यात ठिवलं म्या. खड्डा खनला तं पानी. पोरं बादल्यानं उपसून राहिले, ते भरून राहिलं. पेटी खाली सोडली तं वर आली. तरंगून राहिली, वसराम. दोर लावले तरी वर येऊन राहिली. मंग मी खाली उतरलो. पेटीवर उभा राह्यलो. माती पडोस्तर उभा राह्यलो तिच्या अंगावर.” त्याने काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. “तिला काढून तुह्या मुरमात ठिव. मला नको. मी त्या पान्यात राहीन. तिनं तुह्या बायकोला आंघुळ घातली व्हती.”

त्याने मला हे सांगायला नको होतं. पण मला अजून एक घाव घालायचा होता, आणि तो मी घातला.

“तिच्या मनगटाला काय व्हतं का?”

तो म्हणाला, “व्हता.”

“काय व्हता?”

“दोरा व्हता. गाठीचा. तुहीनं शिकवलं व्हतं तिला, दोघी बांधत व्हत्या. मला ती असताना कधी दिसला न्हाई, बांगड्यायच्या खाली लपवायची. कुठं वाचता येत व्हतं तिलाबी.”

“मंग काढला का तू? कारभारी हाय ना.”

“न्हाई काढला.”

“गाठ ती गाठ, जळबा.”

“व्हय,” म्हणाला, आणि गेला.

‘चुकलो’ हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. दाराबाहेर गेल्यावर तो थांबला होता. मला वाटलं, आता म्हणेल. नाक शिंकरलं आणि चालू लागला.

त्याच संध्याकाळी मी कलम बदलून लिहिलं: कमलबाईला जागा द्यावी, जळबाला देऊ नये. तो पाण्यात, ती मुरमात. नवराबायको पुनरुत्थानापर्यंत वेगळे. असा नेमका सूड मी कधी वाचलाही नव्हता. कविता एका बैठकीत पाठ व्हावी तसा आनंद झाला. संगिता तेव्हा माझं पथ्यपाणी बघायला आली होती. तिला वाचून दाखवलं, चालीत वाचून दाखवलं. तिने भाकरी तव्यावरून उतरवली आणि म्हणाली,

“बा, मायला एकलीला ठिवलं म्हनून तुमी इतकी वर्सं गप्प राह्यले. आता कमलमावशीला एकली ठिवून राहिले.”

“शिक्षा जळबाला हाय, तिला न्हाई.”

“जळबामामाबी तेच म्हनले असतील तवा. शिक्षा वसरामला, बाईला थोडीच.”

मी जेवलो नाही. सकाळी ते कलम चुलीत घातलं. पाच-अ प्रमाणे ठेवलं नाही.

कलम नऊ. मागच्या रविवारी काय झालं तेही लिहितो, कारण लोक वेगवेगळं सांगतील. प्रार्थना त्या ओळीपर्यंत आली. मी तोंड उघडलं. ‘सोडले आहे’ हे माझ्याने म्हणवत नव्हतं; तो पूर्ण वर्तमानकाळ आहे, गुरुजींनी छडी मारून शिकवला आहे, आणि काम पूर्ण झालेलं नसताना तो वापरणं चूक. म्हणून मी आमच्या बोलीतला काळ वापरला. ‘सोडून राहिलो,’ म्हणालो. मोठ्याने. पहिल्या ओळीत जळबाचा आवाज मध्येच तुटला. मुलं हसली. प्रार्थना संपल्यावर पाळकसाहेब खोकत आले आणि म्हणाले, “दादा, शब्द बदलता येत नाहीत.” मी म्हणालो, “शब्द तोच हाय, काळ बदलला.” काम चालू आहे, संपेल तेव्हा संपेल. देवाला मराठवाड्याची मराठी कळत असावी. न कळली तर रुख्मिणीबाई त्याला समजावून देईल, ती तिथे आधी गेलेली आहे.

कलम दहा, आणि शेवटचं. आधीचं वाक्य रद्द करून असं लिहितो.

सदर अर्धा एकर माळ आमच्या मंडळीतील सर्व कुटुंबांना दफनासाठी कायमचा देतो. कोणालाही वगळून नव्हे. पाळकसाहेबांनी हे वाक्य कसंही वाचलं तरी अर्थ एकच निघेल अशी काळजी घेतली आहे.

आमच्यात डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला ठेवतात, म्हणजे त्या दिवशी उठून बसताना तोंड उजेडाकडे असतं. रुख्मिणीबाई तशीच आहे. तिच्या उजव्या हाताला मला ठेवावं. डाव्या हाताला कमलबाईला, तिथून काढून, आणि तिचं मनगट कोणी उघडू नये. जळबा जाईल तेव्हा त्याला रुख्मिणीबाईच्या पायथ्याशी, पुढच्या रांगेत ठेवावं. हीच जागा, दुसरी नाही. त्याला पसंत नसेल तर पाणथळ जागा त्याची वाट बघते आहे.

पुढच्या रांगेत का, तेही सांगतो, नाहीतर लोक म्हणतील कारभाऱ्याला पुढे बसवलं. तो उठून बसेल तेव्हा त्याचं तोंड उगवतीला असेल आणि ती त्याच्या पाठीमागे. मागून हाक येईल, ‘जळबादादा’. ती त्याला दादाच म्हणायची, शेवटपर्यंत. त्या दिवशी उठून घरी जायला घर नसेल, तोंड झाकायला पुस्तक नसेल. त्याला मान वळवावीच लागेल. जो शब्द त्याने माझ्या दारात गिळला तो तिथे तिच्यासमोर काढावा.

माझ्या वाटणीचं मी सोडतो आहे. तिच्या वाटणीचं सोडायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं. तो हक्क माझा कधीच नव्हता आणि मृत्युपत्रात मला तो देता येत नाही. ती काय म्हणते ते मी शेजारून ऐकेन. मधे पडणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचून दाखवला (कलम सहा दोनदा) आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं हे शंकरसिंग यांना सांगितल्यावर ते म्हणाले, “मंग मला काहून बोलावलं? नुसतं कुदळ मारायला अन् अंगठा मारायला?” तरी त्यांनी केली आहे, अंगठा नव्हे, सही.

सही: वसराम देवला आडे

साक्षीदार:
१. शंकरसिंग, राहणार तांडा, शेतकरी. सही.
२. जिवनबाई, अंगणवाडी सेविका, राहणार सदर वस्ती. सही.

मुक्काम: कालव्याच्या अलीकडची वस्ती, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली
दिनांक: ११ मार्च २००५